फौजी घरी येतो तेव्हा...

हिंदी सिनेमात फौजीची गोष्ट कुठे संपते ते आठवून बघा. स्टेशनात गाडी थांबते, दारातून काळी ट्रंक खाली येते, तिच्यामागून युनिफॉर्म उतरतो. म्हातारी आई धावत जाते, बायको पदराआडून बघते, आणि पडद्यावर ‘समाप्त’! आपण डोळे पुसत बाहेर पडतो. तो सुखरूप परत आला, मग आता प्रॉब्लेम कसला?

माझं मत असं आहे की एक वेगळा प्रॉब्लेम तिथूनच सुरू होतो. नवरा सीमेवर असताना त्याची बायको कशी दिवस काढते यावर भाषणं होतात, कविता होतात, आमच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी एक नाटिकाही होते. तो परत आल्यावर ती कशी राहते यावर मात्र कुणी बोलत नाही. आता तिला तक्रारीला जागाच नाही असं सगळे धरून चालतात. या लेखात मला तेवढंच बोलायचं आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत मधूनमधून इंग्रजी शब्द घुसतील. चालवून घ्या!)

हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण माझे पप्पा सैन्यात होते. २००१ साली भरती झाले आणि सतरा वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता रात्री सिक्युरिटीची नोकरी करतात आणि दिवसा शेती बघतात. त्या सतरा वर्षांत दोन वर्षं आम्ही त्यांच्यासोबत फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलो. बाकी सगळा काळ मम्मी, मी, लहान भाऊ आणि आजी-आजोबा असे गावाकडेच. यात विशेष काही नाही. आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर डिफेन्स कोट्यातून आलेलं कुणी ना कुणी सापडेल. त्यांना विचारा, त्यांच्याकडेही हीच गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्याला फौजींची आठवण होते ती बहुतेक वेळा दुःखाच्या बातमीतून. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्यात सी.आर.पी.एफ.च्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान गेले. त्यात दोघे आपले होते, मलकापूरचे संजयसिंह राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्या ताफ्यातले बरेच जवान सुट्टी संपवून ड्यूटीवर परतत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईच्या अक्षय गवते या अग्निवीराला सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना वीरमरण आलं. अशा वेळी आख्खा जिल्हा रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवा. पण जे परत येतात, आणि देवाच्या कृपेने बहुतेक सगळे परत येतात, त्यांच्या घरात पुढे काय होतं याची बातमी होत नाही. वीरपत्नीला आपण स्टेजवर बोलावून साडी-श्रीफळ देतो. जिवंत फौजीची बायको खाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवत असते.

आधी सुट्टीचं गणित बघू. सैन्यातल्या जवानाला नियमाने वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा असते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवसच. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण ही रजा तुकड्यातुकड्यांत मिळते, युनिटची परिस्थिती बघून मिळते, आणि मिळाली तरी ती बायकोच्या वाट्याला येते असं नाही. माझी मम्मी कालनिर्णयच्या पानावर दुधाचा हिशोब लिहायची, त्यातच पप्पांची सुट्टीही लिहायची. मी सातवीत असतानाचं एका महिन्याच्या सुट्टीचं पान तिनं अजून जपून ठेवलंय. नात्यातली लग्नं, पाच दिवस. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि अकोल्याच्या फेऱ्या, चार दिवस. विहिरीचं काम, चार दिवस. तलाठी आणि तहसील, तीन दिवस. आत्याकडे, दोन दिवस. शेगावला दर्शन, एक दिवस. परतीचं सामान बांधणं आणि भेटायला येणारे लोक, शेवटचे दोन दिवस. बेरीज एकवीस. उरले नऊ. त्या नऊ दिवसांतल्या संध्याकाळी ओट्यावर मित्रमंडळी, “फौजी, रम आणली का?” आणि मग काश्मीरच्या गोष्टी. मम्मी आत भाकरी थापायची आणि बाहेरच्या गोष्टी भिंतीतून ऐकायची. त्यातल्या निम्म्या तिला पहिल्यांदाच कळायच्या.

आता दुसरी बाजू. नवरा नसताना घर थांबत नाही, ते चालवावंच लागतं. पप्पा भुसावळला झेलम एक्स्प्रेस पकडून गेले, की दुसऱ्या दिवसापासून मम्मी घरातला ‘कर्ता पुरुष’ व्हायची. पेरणीला सोयाबीन किती आणि तूर किती, बियाणं ३३५ घ्यायचं की दुसरं, पीककर्ज भरायचं कधी, आजोबांचा बी.पी. वाढला तर गाडी कुणाची सांगायची, मला कॉन्व्हेंटला टाकायचं की जिल्हा परिषदेच्या शाळेत... सगळं तिनं ठरवलं. माझ्या कॉन्व्हेंटच्या अ‍ॅडमिशनला गावातून विरोध होता, फी ऐकून आजोबाही नाही म्हणाले होते. तिनं कानातलं गहाण ठेवून पहिली फी भरली आणि ५६ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर पत्र टाकून पप्पांना कळवलं. विचारलं नाही, कळवलं! सुरुवातीला तिला बँकेतली स्लिपसुद्धा भरता येत नव्हती. एका बँकेतले साहेब तर तिला म्हणाले होते, “मालक सुट्टीवर आले की या.” ती मालकांची वाट बघत बसली असती तर ते पीक गेलंच असतं. ती शिकली. दोन-तीन वर्षांत कृषी केंद्रवाले “वहिनी, यंदा काय म्हणता?” असं तिलाच विचारायला लागले.

आणि मग एक दिवस पप्पा सुट्टीवर यायचे. त्याच दुकानात दोघं सोबत गेले, की दुकानदार मम्मीच्या डोक्यावरून पप्पांकडे बघायचा. “बोला फौजी, काय देऊ?” पप्पांना तर बियाण्यांची नावंसुद्धा माहीत नसायची. घरी आजोबा शेताचं पप्पांशी बोलायचे. शाळेतून पत्र आलं तर सही पप्पांची. मम्मी एका दिवसात घरच्या प्रमुखाची पुन्हा धाकटी सून व्हायची. तिला कुणी अपमानानं बाजूला सारलं असंही नाही, सगळं आनंदात, पेढे वाटतच व्हायचं. म्हणून तर तिला बोलता यायचं नाही. एकदाच ती मावशीला म्हणताना मी ऐकलं, “हे आले का मले माह्याच घरात पाहुणी असल्यावानी वाटते.” आणि पुढे लगेच, “पण असं बोलू नये बाप्पा, पाप लागते.”

हे ‘पाप लागते’ मला फार महत्त्वाचं वाटतं. आनंदाच्या प्रसंगी त्रास होतोय असं म्हणायची आपल्याकडे सोयच नाही. ज्यांचे नवरे परत आले नाहीत त्या बायका तिच्यासमोर असतात. त्यांच्यापुढे ही काय बोलणार?

पप्पांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. महिनोन् महिने ज्या माणसाला रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून बसायची सवय लागली आहे, त्याला आपल्या दारातल्या वरातीचे फटाके कसे ऐकू येत असतील? पप्पा लग्नाच्या मांडवात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. झोपेत हात लावून उठवायचं नाही, पायथ्याशी उभं राहून हाक मारायची, हे मम्मीनं आम्हाला शिकवलं होतं. तिकडे सकाळी पी.टी.पासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत प्रत्येक मिनिटाला काम ठरलेलं. इथे घरातला प्रत्येक जण आपापल्या कामात आणि ह्यांना काही कामच नाही. माझा भाऊ तीन वर्षांचा असताना पप्पा आले, तर तो दोन दिवस त्यांच्याजवळ गेलाच नाही. मोबाइलमधल्या पप्पांना मात्र तो रोज पापी द्यायचा! पप्पा मम्मीला म्हणाले होते, “तिकडं मले सगळं समजते. इथं मी कुठं बसू तेच समजत नाही.” मग माणूस काय करतो? हुकूम द्यायला लागतो. चपला लाइनीत ठेवा, पाचला उठा, टी.व्ही. बंद. त्यांना घरात आपली जागा शोधायची असते. घराला वाटतं की साहेब इन्स्पेक्शनला आलेत.

फोन आल्यामुळे हे सुटलं, असंही काहींना वाटतं. पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागायचे, आता कुपवाड्यातूनसुद्धा व्हिडिओ कॉल लागतो. मान्य. पण फोनवर दोघंही एकमेकांना जपतात. ती गारपिटीचं सांगत नाही, तो फायरिंगचं सांगत नाही. ‘सब ठीक’ एवढाच दोघांचा रिपोर्ट. सहा महिन्यांचे हे दोन दाबून ठेवलेले हिशोब सुट्टीत एकाच खोलीत येतात. भांडण होतं ते चहात साखर जास्त झाल्यावरून, पण ते साखरेचं नसतं.

आपण इंजिनिअरिंगची मुलं, तेव्हा आपल्या भाषेत सांगते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो की एखादी सिस्टिम स्टेडी स्टेटला असताना तिला स्टेप इनपुट दिला, तर आउटपुट लगेच नव्या जागी जाऊन स्थिर होत नाही. ते वर-खाली होतं, ओव्हरशूट करतं, मग हळूहळू शांत होतं. त्या वेळेला सेटलिंग टाइम म्हणतात. इनपुट चांगला असो की वाईट, ट्रान्झियंट यायचाच. नवरा जाणं हा एक स्टेप इनपुट आणि परत येणं हा दुसरा. जाण्याचा ट्रान्झियंट सगळ्यांना दिसतो, कारण त्यात रडणं असतं. येण्याचा दिसत नाही, कारण तो पेढ्यांखाली झाकलेला असतो. आणि तीस दिवसांच्या सुट्टीत घर जेमतेम सेटल होत आलं, की ट्रंक पुन्हा बाहेर! एका वर्षात असं दोन-तीनदा. जिच्यावर हे सारखं घडतं त्या बाईला आपण ‘चिडकी’ म्हणून मोकळे होतो.

हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतर रूबेन हिल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं आयोवा राज्यातल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यानं वियोग आणि पुनर्भेट ही दोन वेगवेगळी संकटं मानली होती. भेटीला संकट म्हणायचं, तेही युद्ध जिंकलेल्या देशात! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ओडिसियसची गोष्ट शिकवली होती. वीस वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याला पेनेलोपी लगेच मिठी मारत नाही. पलंगाची खूण विचारून ती त्याची परीक्षा घेते. तेव्हा आम्हाला ती दुष्ट वाटली होती. आता वाटतं, ती शहाणी होती. आणि आपल्या ऊर्मिलेचं काय? चौदा वर्षांनंतरची भरतभेट कीर्तनातून, चित्रांतून घराघरांत पोचली. पण वनवासातून आलेल्या लक्ष्मणाशी ऊर्मिला पहिल्या रात्री काय बोलली असेल, हे मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तर लांब जायची गरजच नाही. दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो. जिजाऊंना आपण राजमाता म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण शहाजीराजे दूर कर्नाटकात असताना पुण्याच्या जहागिरीकडे लक्ष देणारी एका लढवय्याची पत्नी, ही सुद्धा त्यांचीच ओळख आहे. नवरा मोहिमेवर असताना बाई कारभार करू शकते हे या मातीला चारशे वर्षं ठाऊक आहे. मग नवरा घरी आला की तिचं कारभारीपण संपतं, हा नियम कुणी काढला?

सुट्टीत निदान शेवटची तारीख माहीत असते. खरी परीक्षा पेन्शनची. पेन्शनसाठी जवानाला किमान पंधरा वर्षं नोकरी लागते, त्यामुळे बरेच जवान पस्तिशी-चाळिशीतच कायमचे घरी येतात. अर्धं आयुष्य शिल्लक असतं. पप्पा आले तेव्हा पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्या शेतात कपाशी लावायचं ठरवलं. मम्मीचं सोयाबीन-तुरीचं नियोजन बाजूला. पासबुक, ए.टी.एम., सात-बारा सगळं त्यांच्या ट्रंकेत. घरात दोन महिने अबोला होता. मग एका रात्री जेवताना मम्मी शांतपणे बोलली, आणि ते वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय. “तुमच्या युनिटमधी चार्ज घेता तवा यादी वाचता, सामान मोजता, सही करता ना? मंग माह्या घराचा चार्ज बिनसहीचा कसा घेऊन राह्यले तुमी?”

पप्पा काही बोलले नाहीत. पण सैन्यात हँडिंग ओव्हर-टेकिंग ओव्हर म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. मम्मी सांगत गेली, ते लिहीत गेले. कुठल्या वावरात पाणी साचतं, कुणाचं देणं आहे, कुठल्या मजुराला उचल दिली, आजोबांच्या गोळ्या कुठल्या, मला गणितात कमी का पडतात... अठरा पानं झाली. शेवटी पप्पा म्हणाले, “हा चार्ज मले एकट्याले झेपत नाही.” त्या वर्षी अर्धी कपाशी, अर्धं सोयाबीन झालं. पासबुक आता फडताळात असतं, दोघांच्या हाताला येईल असं. दोघांची भांडणं आजही होतात, पण ती बरोबरीची होतात.

सगळ्यांकडे वही निघत नाही. काही घरांत दारू निघते, काही घरांत हात उगारला जातो, काही घरांत माणूस बोलणंच सोडतो. तिथे बायकोनं ‘फौजी आहे, चालायचंच’ म्हणून सोसत राहावं, हे मला मान्य नाही. देशासाठी त्यानं जे सोसलं त्याची भरपाई एकट्या तिनं का करायची? मदत मागण्यात कमीपणा नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा खास कक्षही सुरू झाला. माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी बुलडाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे फक्त दाखला आणायला जायचं असतं असं नाही.

अग्निपथ योजनेमुळे हा विषय आपल्या पिढीचा होणार आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात, बाकीचे घरी. म्हणजे आपल्या वयाची मुलं ‘माजी’ होऊन परतणार. त्यांची लग्नं त्यानंतरची असली, तरी घरात जागा शोधण्याचा प्रश्न त्यांनाही पडणार, आणि पुढे त्यांच्या बायकांनाही.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली सूचना गावाला: सुट्टीवर आलेल्या फौजीला पहिला आठवडा घरच्यांसाठी सोडा. सत्कार, रम आणि राजकारण आठव्या दिवसानंतर. दुसरी सूचना फौजीच्या घराला: तो आला म्हणून तिचे निर्णय रद्द करू नका. दुकानदार, सासरे, शिक्षक, बँकवाले, सगळ्यांनी आधी जिच्याशी बोलत होता तिच्याशीच बोला, तो शेजारी उभा आहेच. तिसरी सूचना आपल्या कॉलेजला: एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये आपण शोषखड्डे खणतो, व्यसनमुक्तीची पथनाट्यं करतो. एक संध्याकाळ गावातल्या फौजींच्या बायकांना एकत्र बसवू या. भाषण नको, हार नको. त्यांना एकमेकींशी बोलू द्या आणि आपण फक्त चहा द्या. ‘असं मलाच होतं’ असं वाटणाऱ्या दहा जणी एका सतरंजीवर आल्या, तर ‘पाप लागते’ हे वाक्य आपोआप बंद होईल.

सीमेवरून आलेला माणूस घरी रुळायला वेळ लागतो, आणि त्याला रुळवून घेणाऱ्या बाईलाही तेवढाच वेळ लागतो. तो वेळ त्या दोघांना मिळू द्या. स्वागताची कमान एका दिवसात उतरते, पुढचं घर मात्र त्या दोघांनाच चालवायचं असतं.